वाटेत थांबलेल्या पेशी

माझं संशोधन नेमकं कशावर आहे, हे आईनं मला कधी विचारलं नाही. तिला एवढंच माहीत होतं की मी शहाद्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि प्रयोगशाळेत अंडी फोडते. आमचं घर ब्राह्मणपुरी गावचं, गुजर शेतकऱ्याचं. जुन्या माणसांत गुजरी, घरात-गल्लीत अहिराणी आणि शाळेच्या पायरीवर पाय ठेवला की मराठी. स्वयंपाकघरात अंडं हा शब्दसुद्धा काढायचा नाही, असं ते घर. सुटीला मी गावी गेले की आई दारातूनच मोरीकडे बोट दाखवायची. "पह्यले आंग धोय, मंग चुल्हाजोडे ये." मी निमूट अंघोळ करायचे. वाद घालायचं वय केव्हाच सरलं होतं.

माझं काम सांगायला सोपं आहे, करायला किचकट. नवापूरकडच्या हॅचरीतून फलित अंडी येतात. ती उबवणी यंत्रात ठेवायची आणि योग्य वेळी कवचाला बारीक कात्रीनं नखाएवढी खिडकी पाडायची. आत बलकावर गर्भ पडलेला असतो आणि त्याचं हृदय उघड्यावर धडधडत असतं. त्या सुमारास गर्भाच्या मानेमागून काही पेशी निघतात. पुढे त्या चेतापेशी व्हायच्या असतात. त्या आतड्यात शिरतात आणि त्याच्या भिंतीतून खाली खाली सरकत शेवटच्या टोकापर्यंत जातात. पण त्या चालत असतानाच आतडंही वाढत असतं, म्हणजे रस्ता पायाखालीच लांबत असतो. मागून नव्या पेशी तयार होत राहिल्या, पुढच्यांना रेटत राहिल्या, तरच रांग टोकाला पोचते. सुरुवातीलाच पेशी कमी पडल्या तर ती वाटेत थांबते. मग आतड्याचा शेवटचा भाग चेतापेशींशिवायच तयार होतो. दिसायला तो धडधाकट असतो. स्नायू असतात, रक्त फिरत असतं, पोकळी मोकळी असते. पण सैल कधी व्हायचं हे सांगणारं तिथं कुणी नसतं, म्हणून तो आवळलेलाच राहतो.

मी बारीक सुईनं गर्भातल्या त्या पेशी थोड्या थोड्या काढून टाकायचे आणि किती काढल्या तर रांग कुठे अडते हे पाहायचे. नंतर आतड्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की चेतापेशींचं निळं जाळं दिसायचं, मासे धरायच्या जाळ्यासारखं. एका जागी ते विरळ व्हायचं आणि संपायचं. असं माणसाच्या बाळातही कधीकधी होतं, हे मी माझ्या प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात लिहीत आले होते. ते वाक्य लिहायची मला इतकी सवय झाली होती की ते लिहिताना कुठलं बाळ डोळ्यांसमोर येत नसे.

माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. कापूस वेचणीचे दिवस होते. शहाद्याच्या दवाखान्यात बाळंतपण नीट पार पडलं, भावानं गल्लीत पेढे वाटले, भाभी बाळाला घेऊन घरी आली. मी कॉलेजच्या परीक्षांमध्ये अडकलेली. सुटी मिळाल्यावर गावी गेले. अंघोळ करून खोलीत शिरले तेव्हा बाळ उघडं होतं आणि आई त्याच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावत होती.

त्याचं पोट मी पाहिलं. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र ताणलेलं, चकचकीत. वरच्या शिरा निळ्या दिसत होत्या.

"गॅस शे," आई म्हणाली. "रडस भी जादा."

मी भाभीला विचारलं, "त्यानं काळी शी कधी केली? जन्मल्यावरची पहिली?"

भाभी गोंधळली. "दवाखान्यात तर नाही केली, ताई. घरी आल्यावर पानाचा देठ लावला तेव्हा थोडी झाली. मग परत बंद."

मनात आजाराचं नाव तयार होतं, पण ते उच्चारायची हिंमत होईना. मी डॉक्टर नव्हते. मी कोंबडीच्या पिलांची आतडी पाहणारी बाई होते. एवढ्यात आई भाभीकडे न बघता म्हणाली, "इन्हं दूध बंद करा. बकरीनं दूध द्या. इन्हं दूध जड शे."

भाभीचा चेहरा पडला. तिनं पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. आईचा आवाज कठोर नव्हता. तिला खरोखरच तसं वाटत होतं. औषध सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

"दुधाचा काही संबंध नाही," मी म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्याच वेळी बाळानं उलटी केली. ती दुधाची नव्हती, हिरवी होती. गवत वाटून पिळावं तशी.

मग मी थांबले नाही. भावाला शेतातून बोलावून घेतलं. शहाद्याच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासलं, नाकातून पोटात नळी घातली आणि बाजूला घेऊन मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतंय?" मी त्या आजाराचं नाव घेतलं. त्यांनी मान हलवली. "मलाही तेच वाटतंय. सुरतला न्या. आत्ताच निघा."

आमच्याकडे मोठं दुखणं आलं की माणसं सुरतचा रस्ता धरतात. प्रकाशाचा पूल, नंदुरबार, विसरवाडी, नवापूर, मग सोनगढ, व्यारा. हा रस्ता मी लग्नांसाठी, लुगडी घ्यायला, अंडी आणायला कितीदा तरी केला होता. त्या दिवशी मागच्या सीटवर भाभी बाळाला घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी आई. आईनं येऊ नये असं भावाला वाटत होतं, पण ती गाडीत जाऊन बसली ती बसलीच. संबंध वाटेत तिनं बाळाच्या पोटावरचा हात काढला नाही. भाभीचं अंग दुधानं भिजत होतं आणि डॉक्टरांनी बाळाला तोंडानं काहीही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तिची ती भिजलेली चोळी आईनं पाहिली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गाडी लागली असेल.

सुरतचे सर्जन हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते. दिवेलागणीच्या वेळी आम्ही त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी बाळाला तपासलं, एक्स-रे काढून घेतले आणि मग गुजरातीत एकेक प्रश्न विचारू लागले. गरोदरपण कसं गेलं, वजन किती होतं, उलटी कधीपासून. शेवटी विचारलं, घराण्यात आधी कुणाच्या बाळाला असं झालं होतं का?

भाऊ आणि मी एकदमच "ना" म्हणालो.

"हा," आई म्हणाली. "मारा पहेला दीकराने."

माझ्या पहिल्या मुलाला. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता आणि तो तान्हा असतानाच गेला, एवढं आम्हाला माहीत होतं. पण घरात त्याचा विषय निघत नसे. त्याला नाव ठेवलेलं नव्हतं, फोटो नव्हता. कुणी विचारलं तर आम्ही "दोघं भावंडं" म्हणायचो. तो आमच्या मोजणीतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर्जननी बाळाच्या गुदद्वाराच्या आतला तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. मी काय शिकवते हे त्यांना कळलं होतं. तपासणी करणाऱ्या डॉक्टर बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखालची काच बघू दिली. मी डोळा लावला. माझ्या ओळखीचं सगळं होतं. भिंतीचे थर, स्नायूंचे पट्टे, रक्तवाहिन्या. जिथं चेतापेशींचे पुंजके असायला हवेत ती जागा मी काच सरकवून सरकवून पाहिली. त्या बाई बाजूला शांतपणे उभ्या होत्या. घाई करा असं त्या म्हणाल्या नाहीत. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. काही नव्हतं.

इतकी वर्षं मी ज्याचा शोध घेत होते ते मला माणसात पहिल्यांदाच दिसत होतं, आणि ते माझ्या भावाच्या मुलात होतं. मला रडू आलं नाही. मी बाईंचे आभार मानले आणि बाहेर आले.

बाहेर व्हरांड्यात बाकावर आई एकटी बसली होती. भाऊ आणि भाभी आत बाळाजवळ होते. दुपारची वेळ होती, समोरच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "त्या पह्यला पोऱ्याले काय व्हयनं व्हतं?"

आई सांगू लागली. तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ती हे कुणाला सांगत होती, पण शब्दांसाठी ती अडखळली नाही.

"पह्यले बेस व्हता. गोरा व्हता. मंग पोट फुगाले लागनं. हाईच, आस्संच. तुन्ही आजी बोलनी, हिन्हं दूध जड शे. वाटीमा दूध काढं मन्हं. त्यामा मुंगी सोडी. मुंगी मरी गई. मंग काय, साबित व्हई गयं."

"मंग?"

"मंग त्याले मन्हापाशीन लई लिधं. दुसरी खोलीमा ठेवं. तो रडे, नी मन्हं आंग दूधघाई भरी ये. माले जाऊ देत नही व्हतात." ती थांबली. "बकरीनं दूध दिधं. तरी गया. सर्वा बोलनात, आधी पाजेल व्हतं ना, तेच जहर लागनं."

माझ्या लहानपणीची एक गोष्ट घरात कौतुकानं सांगितली जायची. मला फुईनं दूध पाजलं होतं. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कळसाडीला दिलेली. तिचं स्वतःचं बाळ अंगावर होतं, तरी ती माहेरी येऊन राहिली आणि दोघांनाही पाजलं. 'फुईचं दूध प्यायलीस, म्हणून फुईसारखी हट्टी,' असं मला सगळे म्हणायचे. आईनं का पाजलं नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या बाकावर बसून मी ते विचारलं.

"मी सोतेच बोलनी," आई म्हणाली. "तू व्हयनी तव्हय मी सोतेच सांगं, हिले मन्हं दूध नका पाजू. तुन्हा भाऊले भी नही पाजं. जित्ता ऱ्हावाले पाहिजेत, आस्सं वाटे."

माझ्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. एक म्हणजे, त्या पहिल्या बाळालाही हेच झालं होतं याची मला जवळपास खात्री वाटत होती. हा आजार घराण्यात उतरू शकतो. लक्षणं तीच होती. दुसरी म्हणजे, माझ्या हातात पुरावा काहीच नव्हता. त्या बाळाची कुणी तपासणी केली नव्हती, त्याची काच कुणी पाहिली नव्हती. अशा आधारावर एखादा विद्यार्थी निष्कर्ष काढू लागला तर मी त्याला वर्गात उभं करून विचारीन, हे तुला कसं ठाऊक? पण समोर विद्यार्थी नव्हता. माझी आई होती, आणि तिनं आपल्या दोन पोरांना जगवायचं म्हणून स्वतःपासून दूर ठेवलं होतं.

मी तिला सांगायला सुरुवात केली. चेतापेशीला आमच्या घरच्या बोलीत शब्द नाही. मी केळीच्या बागेचं उदाहरण घेतलं. ठिबकची नळी आहे. सुरुवातीला पाणी कमी पडलं तर शेवटच्या झाडांपर्यंत ते पोचत नाही. झाडांत खोट नसते, मातीतही नसते. बाळाच्या आतड्याचं तसंच आहे. ते पोटात असतानाच, जन्माच्या कितीतरी आधी, आतडं तयार होताना त्याच्या शेवटापर्यंत जे पोचायला हवं होतं ते पोचलं नाही. जन्मल्यावर कुणी काय पाजलं याच्याशी त्याचा संबंध नाही. "नातूले दूधघाई काही व्हयनं नही. नी त्या पोऱ्याले भी बहुधा हाईच व्हतं."

आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिनं विचारलं, "मंग मन्हं दूध बेस व्हतं?"

"बेस व्हतं, माय."

"मुंगी कशी मरनी?"

"मुंगी बुडनी. कशामा भी बुडती."

तिनं पदरानं तोंड पुसलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "ज्यासले सांगानं व्हतं, त्या सर्वा चाली गयात." आजी गेली होती, वडील गेले होते, गल्लीतल्या त्या वेळच्या बायकाही गेल्या होत्या. मला वाटलं होतं मी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवते आहे. ते उतरून ठेवायला तिच्याजवळ जागाच उरली नव्हती.

बाळाचं ऑपरेशन झालं. सर्जननी पोटाला एक तोंड काढून दिलं आणि आतड्याला तिथून वाट करून दिली. आवळलेला भाग नंतर, बाळाचं वजन वाढल्यावर काढायचा होता. भाभीला ते उघडं लालभडक आतडं बघून चक्कर आली. भावानं मान वळवली. आई पुढे झाली. नर्सनं पिशवी कशी लावायची, कातडी कशी कोरडी ठेवायची हे दाखवलं, आईनं एकदाच पाहिलं आणि केलं. पुढचे कितीतरी महिने ब्राह्मणपुरीच्या त्या घरात हे काम तिनंच केलं. गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावून यायच्या आणि बाहेरूनच विचारपूस करून जायच्या. आई त्यांना चहा द्यायची आणि पुन्हा आत जायची.

पण त्याआधी एक गोष्ट झाली. ऑपरेशननंतर बाळाला पहिल्यांदा तोंडानं द्यायची परवानगी मिळाली तेव्हा भाभी आईकडे बघू लागली. घेऊ का, असं तिच्या डोळ्यांत होतं. आईनं बाळाला उचललं, भाभीच्या मांडीवर ठेवलं, आणि दार लोटून घेऊन बाहेर आली. व्हरांड्यात माझ्याशेजारी ती उभी राहिली. आत बाळ चुटुचुटु पीत असल्याचा आवाज येत होता. ती ऐकत राहिली. ते पिणं संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढच्या वर्षी दुसरं ऑपरेशन झालं. चेतापेशी नसलेला भाग काढून चांगलं आतडं खाली ओढून जोडलं. त्यानंतरही त्रास झाला, ताप आले, सुरतच्या फेऱ्या झाल्या. पण पोर तगलं. आता ते बालवाडीत जातं आणि डबा अर्धा परत आणतं म्हणून भाभीचा मार खातं.

दुसऱ्या ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात आई मला म्हणाली, "माले कळसाडी लई चाल."

कळसाडीला फुई होती. त्या वेळची ती एकटीच उरली होती; सुरतला 'सर्वा चाली गयात' म्हणताना आईनं तिला धरलं नव्हतं. मांडीचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच असे. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, अंगणात कापसाचा ढीग पडला होता आणि तिची सून आत गेली होती चहा ठेवायला. फुईनं मला जवळ ओढून तोंडावरून हात फिरवला. मग आईला म्हणाली, "बस, बाई. कसा शे नातू?"

आई बसली. ते सांगायचं काम माझं आहे असं मी धरून चालले होते, वाटेत वाक्यंही जुळवली होती. पण आईनं मला बोलूच दिलं नाही. नातवाचं पोट कसं फुगलं, सुरतला काय काय केलं, ठिबकच्या नळीतलं पाणी शेवटच्या झाडाला कसं पोचत नाही, सगळं तिनं सांगितलं, क्रमानं, शांतपणे. मग म्हणाली, "मन्हा पह्यला पोऱ्याले भी हाईच व्हतं. मन्हं दूध बेस व्हतं, बाई."

फुई आढ्याकडे बघत पडली होती. तिला ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. मग ती बोलली.

"मुंगी मी सोडेल व्हती."

आईला ते माहीत असावं.

"मी भी बाळंतपणले माहेर उनेल व्हती. मायनी सांगं, मी सोडी," फुई म्हणाली. "दुसरा दिन मी गुपचूप मन्हं दूध काढं. त्यामा भी मुंगी सोडी. ती भी मरी गई."

"तव्हयच?" आईनं विचारलं.

"तव्हयच. पोऱ्या जित्ता व्हता आझून."

बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. सून चहाचे कप घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि खोलीतलं काहीतरी ओळखून तिथंच थांबली. आई अगदी हळू म्हणाली, "मंग सांगं कसं नही?"

"तव्हय सांगती ते मन्हं दूध भी जड ठरतं," फुई म्हणाली. "मन्हा पोऱ्या मन्हापाशीन लई लेतात." तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं, ते पुसायला तिनं हात उचलला नाही. "मंग ही व्हयनी," ती माझ्याकडे मान करून आईला म्हणाली, "तव्हय मी सोते उनी पाजाले. तुन्हासाठे काही करानं म्हणीसन उनी. पण सांगं नही."

आईनं तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली नाही, हात हातात घेतला नाही. ती उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी मध्येच अडकले. एक माझी आई होती. दुसरीच्या दुधावर मी वाढले होते. शेवटी मी फुईचे डोळे पुसले आणि आईजवळ गेले. सुनेनं ओट्यावर चहा आणून दिला. आईनं तो संपवला, कप विसळून ठेवला आणि निघताना दारातून आत डोकावली.

"परत ये," फुई म्हणाली.

"दखू," आई म्हणाली.

ती परत गेली नाही. उन्हाळ्यात फुई गेल्याचा निरोप आला तेव्हा मात्र आई सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली. सुतकाचे दिवस ती कळसाडीलाच राहिली. परत आल्यावर मी तिला विचारलं, तुझा राग गेला का? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "राग शेच. पण तिले भी तान्हा पोऱ्या व्हता. तिना जागावर मी ऱ्हाती ते मी भी चूप ऱ्हाती."

आता ती ही हकिगत कुणालाही सांगते. नातवाची आणि त्या पहिल्या मुलाची, दोन्ही एकत्र. कुणी किती पोरं म्हणून विचारलं तर ती "तीन" सांगते. मी तिला 'बहुधा' असं म्हणाले होते. तो शब्द ती गाळते. मी तिला दुरुस्त करत नाही.

यंदाच्या ऊसतोडीला धडगावच्या बाजूची पावरा कुटुंबं आमच्या शेताच्या बांधाला पालं टाकून राहिली होती. शेतावर गेलेल्या आईनं एका पालात तान्हं मूल सारखं रडताना ऐकलं. ती आत शिरली, बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि भावाला फोन केला, गाडी घेऊन ये. बाळाची आई कोवळी पोर होती, तिला पावरी सोडून काही येत नव्हतं, आणि ही अनोळखी म्हातारी आपल्याला कुठं नेते आहे या धास्तीनं ती रडू लागली होती. मुकादम दुभाष्या म्हणून गाडीत बसला. मी कॉलेजातून परस्पर शहाद्याच्या दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं. काही नव्हतं. थंडी बाधली होती, थोडा गॅस होता. ते हसून आईला म्हणाले, "आजी, उगाच घाबरवलंत सगळ्यांना." भावाचा दिवस मोडला होता, तो जरा वैतागला. आईला त्याचं काही वाटलं नाही.

"नही ते बेसच," ती म्हणाली. मग तिनं मुकादमाला जवळ बोलावलं. त्या पोरीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिले पावरीमा सांग. दूध बेस शे तिन्हं. कोणी काही बी बोलो, पाजत ऱ्हाय म्हणा."

मुकादमानं सांगितलं. पोरीनं एकदा आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे वळून बसली आणि बाळाला पदराखाली घेतलं.